आठवं बटण

त्या शनिवारी इरा दुबईत, करामा भागातल्या घरी पोचली तेव्हा बाबा अर्ध्या चड्डीत चटईवर मांडी घालून मशीनसमोर बसले होते. मशीन नेहमीप्रमाणे चालू होतं. जुन्या टाइपरायटरएवढं राखाडी धूड, खाली ओळीने आठ मोठी बटणं, वर आठ सरकपट्ट्या आणि कोपऱ्यात हिरवी अक्षरं दाखवणारी बोटभर खिडकी. इराला कळायला लागल्यापासून ते या घरात होतं. चौऱ्याण्णव साली बर दुबईतल्या एका हॉटेलच्या डिस्कोत न्यू जर्सीहून आलेला एक डीजे होता. करार संपून परत जाताना त्याने ते बाबांना विकलं आणि चार शुक्रवार घरी येऊन शिकवलं. त्या पैशांत माझ्या पाटल्या झाल्या असत्या, हे आई तीस वर्षं सांगत आली होती.

बाबांची नोकरी शिपिंगच्या कागदपत्रांची. कुठल्या बोटीवर कोणता कंटेनर, त्यात काय आणि किती, हे आठवडाभर लिहायचं. शुक्रवारी घरी बसून जुन्या मराठी रेकॉर्डमधून तुकडे काढायचे आणि त्यांचं हिप-हॉप करायचं. पुढे सरकारने शुक्रवारची सुट्टी शनिवार-रविवारवर नेली, तेव्हा बाबांनी हा कार्यक्रमही निमूटपणे एक दिवस पुढे ढकलला.

इरा दर दुसऱ्या शनिवारी अबू धाबीहून यायची. अल रीम आयलंडवर तिचं घर, तीन भिंती भरून पुस्तकं. नोकरी एका कंपनीतले करार तपासण्याची. एखादा अल्पविराम चुकीच्या जागी पडला तरी तिच्या डोळ्यांतून सुटत नसे. त्या दिवशीही सोफ्यावर पाय वर घेऊन ती फोनवर एक करारच वाचत होती.

"इरा, ऐकतेस जरा?" बाबांनी विचारलं.

"पाच मिनिटं, बाबा."

पाच मिनिटांची वीस झाली. बाबांनी परत विचारलं नाही. ते कधीच दुसऱ्यांदा विचारत नसत. मध्येच उठून त्यांनी चहा केला. आई वर्षभर पुण्याला होती, तिच्या थोरल्या बहिणीच्या आजारपणात, त्यामुळे चहा बाबांच्या हातचा, म्हणजे दुधात बुडालेला. कप ठेवताना ते मशीनबद्दल काहीतरी सांगत होते. त्याचा फ्लॉपी ड्राइव्ह बिघडलाय, मागच्या गल्लीतला अर्सलान नवा मागवून देतोय, तोवर हे बंद करायचं नाही, तीन आठवडे झाले, सलग चालू आहे.

"बंद केलं की याला काही आठवत नाही. फ्लॉपीवर उतरवलं तरच राहतं."

"मग तीन आठवडे एसी पण त्याच्यासाठीच चालू आहे का?"

"त्याच्यासाठीच," बाबा म्हणाले. "मी आपला त्याच्या आधाराने बसतो."

इरा हसली आणि पुन्हा फोनकडे वळली. प्लगच्या वर भिंतीला त्यांनी एक कागद चिकटवला होता. कंटेनरवर लिहावं तशा ठळक, सुटसुटीत अक्षरांत: बंद करू नये.

निघायच्या वेळी बाबांच्या हातात माइक होता, आईच्या जुन्या रुमालात गुंडाळलेला.

"बरं, ऐकू नकोस. नुसतं बोल. दोन सेकंद."

"काय बोलू?"

"काहीही. तुझा आवाज हवाय. जागा ठेवलीय."

पाच वाजले होते, शेख झायेद रोडवरची गर्दी तिच्या डोळ्यांपुढे होती आणि लोणच्याची बरणी पिशवीत कलंडत होती. "पुढच्या वेळी, बाबा. नक्की."

"चालेल," असं म्हणून त्यांनी माइक परत रुमालात गुंडाळला आणि लिफ्टपर्यंत पिशवी आणून दिली.

बुधवारी सकाळी ऑफिसला निघताना बाबा त्याच लिफ्टपाशी खाली बसले, ते उठलेच नाहीत. इमारतीच्या वॉचमनने त्यांच्याच फोनवरून इराला कळवलं.

पुढचे दिवस कागदांचे होते. इराने पहिल्याच दिवशी यादी केली, कारण तिला ते जमत होतं. आई पुण्याहून त्याच रात्रीच्या विमानाने आली. जेबेल अलीच्या स्मशानात सगळं झालं, आणि अस्थी घेऊन मायलेकी पुण्याला गेल्या. आई तिथेच थांबली. तेराव्यानंतर मावशीच्या घरी लॅपटॉप उघडून इरा यादीतल्या एकेका ओळीवर खूण करत गेली. व्हिसा रद्द. बँकेला पत्र. फोनचं सिम महिनाअखेरपर्यंत चालू. फ्लॅट कंपनीचा होता, तो एकतीस तारखेला रिकामा करून द्यायचा होता. वीज-पाण्याचं खातं बाबांच्या नावावर, म्हणजे तेही बंद करायला हवं. फॉर्म सोपा होता. तारीख विचारली, तिने दुसऱ्याच दिवसाची टाकली. आवराआवर काय, दिवसाउजेडी होईल. तिला थोडं समाधानही वाटलं. एवढ्या दुःखातही आपण काही विसरत नाही, असं.

त्यानंतर पाचव्या दिवशी दुपारी दुबईला परतून तिने करामाच्या घराचं दार उघडलं आणि आतली हवा अंगावर आली. बंद घरात ऑक्टोबरची उष्णता चार दिवस शिजत पडली होती. फ्रिजमधून आंबूस वास येत होता. तिने दिव्याचं बटण दाबलं, परत दाबलं, आणि मग आपणच काय केलंय हे तिला आठवलं. तरीही तेव्हा तिला फक्त फ्रिजची चिंता वाटली. खिडकी उघडून, नाकाला ओढणी लावून ती आतल्या खोलीत गेली आणि भिंतीवरचा कागद तिच्या समोर आला.

बंद करू नये.

हिरवी खिडकी काळी पडली होती.

इरा कितीतरी वेळ त्या कागदासमोर उभी राहिली. तीन शब्द. आई इथे आली होती त्या दिवसांत या कागदाजवळून इरा शंभरदा गेली असेल. बाबांनी तोंडानेही सांगितलं होतं, तेही कप हातात देऊन. जगातले सगळे कागद वाचून पोट भरणाऱ्या बाईने एवढा एक कागद वाचला नव्हता.

खातं पुन्हा सुरू करायला एक फोन, एक अर्ज आणि दुसऱ्या दिवसाची सकाळ लागली. फोनवरच्या मुलीने दोनदा विचारलं की मॅडम, तुम्हीच बंद करायला सांगितलं होतं ना. हो, मीच, इराने दोनदा सांगितलं. वीज आली, मशीन घरघरलं, खिडकीत हिरवी अक्षरं उमटली: मोकळी जागा, १०.० सेकंद. या मशीनची सगळी स्मरणशक्ती एवढीच होती. दहा सेकंद, आणि आता ते दहाही मोकळे.

तिने पुण्याला फोन लावला. आईने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे शेवटचं जे काय केलं होतं त्यांनी, ते गेलं?"

"हो."

"तू ऐकलं होतंस?"

"नाही."

आई म्हणाली, "मी पण नाही. मी तर त्यांना हेडफोन आणून दिले होते, माझ्या कानाला नको म्हणून." आणि पुढे, "त्या अर्सलानला विचार. हे त्याच्याबद्दल सारखं बोलायचे."

विचारायला जायची वेळ आली नाही. बाबांच्या फोनवर त्याचाच फोन आला. राजन साहब, ड्राइव्ह आ गई, ले आऊँ या आप आएँगे? इराने हिंदीत, जमेल तितक्या कमी शब्दांत सांगितलं. पलीकडून पुटपुटलेली एक प्रार्थना आली. तासाभरात तो स्वतःच खोकं घेऊन आला. पन्नाशीचा, जाड चष्म्याचा, शर्टाच्या खिशात चार स्क्रूड्रायव्हर. चटईवर बाबांच्या जागेवर न बसता तो बाजूला बसला आणि मशीनचं झाकण उघडलं.

ड्राइव्ह बसवायला वीस मिनिटं लागली. तेवढ्यात त्याने सांगितलं की साहेब तीन आठवडे रोज फोन करायचे, आली का म्हणून. त्याला वाटायचं, एवढी काय घाई. मग त्याने मशीन चालू केलं, खिडकी बघितली आणि इराकडे पाहिलं.

"बाजी, ये तो ख़ाली है। बंद किसने किया?"

"लाइट चली गई थी," इरा म्हणाली.

अर्सलानने चष्मा वर सरकवला. "दुबई में?"

त्यात टोमणा नव्हता. तो खरंच गोंधळला होता. इथे तीस वर्षांत लाइट गेलेली त्याला आठवत नव्हती. इराने खाली बघितलं. तो काय समजायचं ते समजला, आणि पैसे घ्यायला नाही म्हणून गेला. जाताना एवढंच म्हणाला की साहेब प्रत्येक गाण्याचा हिशेब वहीत लिहायचे, आपण पाहिलंय. वही बघा.

वही रेकॉर्डच्या कपाटात खालच्या फळीवर होती, लांबट, ऑफिसच्या रजिस्टरसारखी. पहिल्या पानावर मशीन कसं चालवायचं ते डीजेने सांगितलेलं, बाबांनी मराठीत उतरवलेलं. मग एकेका गाण्याला एकेक पान. शिपिंगचा माणूस माल लिहितो तसं: बटण एक, काय आहे, बटण दोन, काय आहे. शेवटच्या पानावर तारीख सप्टेंबरमधली होती. इराने वाचलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला वाटलं की काहीतरी हाताला लागेल.

१ – ६२ ब – तिसरी खूण – ढोलकी – ४५
२ – १७ अ – पहिली खूण – पेटी – ४५

अशा सात ओळी. शेजारी बोटांचा क्रम, कुठलं बटण कुणानंतर. आठवी ओळ पान उलटल्यावर असणार होती. तिने ती तेव्हा बघितली नाही. तिला ढोलकी हवी होती.

आणि तिथेच पहिली भिंत लागली. कपाटातल्या दोनशेदहा रेकॉर्डपैकी एकीवरही नाव नव्हतं. बाबांनी प्रत्येकीची मधली गोल चिठ्ठी पांढरा कागद डकवून झाकली होती, आणि त्यावर नुसता आकडा. वेष्टनं बघावीत तर अदलाबदल केलेली: अभंगांच्या वेष्टनात लावण्या, लावण्यांच्या वेष्टनात मुलांच्या गोष्टी. इराला लहानपणीचं अंधुक आठवलं. डीजेने सांगितलं होतं, आपला तुकडा कुठून काढला ते दुसऱ्याला कळू द्यायचं नाही. न्यूयॉर्कमध्ये सगळे असंच करतात, पाण्यात भिजवून नावं उतरवतात, नाहीतर दुसरा तोच ठेका उचलतो. अमेरिकेत ते बरोबर असेल. इथे, करामात, दुसऱ्या मजल्यावर?

"कुणापासून लपवत होतास?" ती मोठ्यानेच म्हणाली. "खालच्या मलबारी वाण्यापासून?"

एकेक रेकॉर्ड काढून, आकडा बघून, ओळीने लावायला पूर्ण दिवस गेला. बोटं काळी झाली. बासष्ट नंबर संध्याकाळी सापडली, आणि कुठे, तर इंग्रजी शिकवण्याच्या संचात. उजेडात तिरपी धरल्यावर तिच्या 'ब' बाजूवर नखाएवढे तीन चिकटपट्टीचे तुकडे दिसले. खुणा. तिसऱ्या खुणेवर सुई ठेवली तर गाणारी बाई थांबते आणि ढोलकी एकटी उरते. अडीच सेकंद, मग बाई परत येते. बाबा रेकॉर्डमध्ये हेच शोधत असायचे. गाणं आवडतं म्हणून ते ऐकतच नसत. गाणारा श्वास घ्यायला कुठे थांबतो, याच्यासाठी कान लावून बसत, आणि तो सापडला की एकटेच मान हलवत. इराला ते नेहमी थोडं हास्यास्पद वाटत आलं होतं. एवढं मोठं गाणं सोडून मधली फट गोळा करणारा माणूस.

दुसऱ्या दिवशी तिने पहिल्या पानावरच्या सूचना वाचत एकेक तुकडा मशीनमध्ये घेतला. एक, दोन, तीन. वहीतल्या ४५ चा अर्थ तिने आवाजाची पातळी असा लावला आणि आवाजाचं बटण पंचेचाळीसपाशी आणून ठेवलं. चार, पाच, सहा. सातव्याला मशीनने नकार दिला. खिडकीत आलं: जागा नाही. तिने सगळं पुसून पुन्हा सुरुवात केली, तुकडे काटकसरीने कापले. ढोलकीची शेवटची थाप तुटली, पेटी मध्येच अडखळली, आणि सातवा तरीही बसेना. तिसऱ्यांदा पुसलं. दुपार झाली. जे बसलं होतं ते वाजवून बघितलं तर स्वच्छ, कोरडं, जाहिरातीत असतं तसं. मशीनमधून बाबांचं जे काही कधी हेडफोनच्या फटीतून तिच्या कानावर पडलं होतं, ते असं नव्हतं. त्यात धूळ असायची. खोल, जाड, शेजारच्या घरातून आल्यासारखं काहीतरी.

फ्लॅटची किल्ली उद्या दुपारी द्यायची होती. इराने वही चटईवर आपटली. तिला राग येत होता, आणि राग यायला समोर कुणी नव्हतं. सरळ लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं? ४५ म्हणजे काय हे एका शब्दात? आयुष्यभर दुसऱ्यांच्या मालाचे कागद बिनचूक केलेस, आणि स्वतःचा माल असा, कुणाला सोडवून घेता येणार नाही असा. मग हेही खरं की विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. तासभर सांगितलं असतं. विचारायला तिला छत्तीस वर्षं होती.

आईचा फोन आला. जेवलीस का, यावर इराने ढोलकी, पेटी, जागा नाही, असं सगळं एका दमात सांगितलं.

"जागा नाही काय?" आई म्हणाली. "अगं, ते रेकॉर्ड पळवायचे. जोरात फिरवायचे. देवाच्या गाण्याचं माकड व्हायचं नुसतं. मी म्हणायची, अहो, पाप लागेल. तर म्हणायचे, थांब, परत हळू करतो, मशीनमध्ये गेल्यावर."

इरा उठून रेकॉर्ड प्लेअरपाशी गेली. त्याच्या कडेला एक छोटी दांडी होती. तिच्या एका बाजूला कोरलं होतं तेहेतीस, दुसऱ्या बाजूला पंचेचाळीस.

तेहेतीसच्या वेगाची रेकॉर्ड पंचेचाळीसवर पळवायची, मशीनमध्ये घ्यायची, आणि मग सरकपट्टी खाली ओढून तुकडा मूळच्या चालीवर आणायचा. अडीच सेकंदांचा ठेका दोनाच्या आत मावतो. आणि ताणून मोठा केलेला फोटो जसा खरखरीत दिसतो तसा तो आवाज खरखरीत होतो. ती धूळ तिथून येत होती. जागा वाचवायला केलेल्या युक्तीतून. इराने पहिला तुकडा घेतला. ढोलकी आधी चिमण्यांसारखी किलबिलली, पट्टी खाली आल्यावर भिंतीपलीकडून घुमली. दुसरा, तिसरा. सातही बसले. खिडकीत उरलेली जागा दिसत होती: २.०.

दोन सेकंद. तेव्हा तिने पान उलटलं.

८ – इरा – २ से. (विचारायचं)

ती आधीच्या पानांकडे गेली. पंचाण्णवपासूनची पानं. प्रत्येक गाण्यात आठवं बटण तिचं होतं. ८ – इरा – हसणं. ८ – इरा – सातचा पाढा. ८ – इरा – शिंक. ८ – इरा – 'अजून एकदा'. ती सात-आठ वर्षांची असताना बाबा माइक तोंडापुढे धरायचे आणि ती काहीबाही बोलायची, हे तिच्या मनातून पार पुसलं गेलं होतं. मग दोन हजार तीन. त्या वर्षापासून आठव्या ओळीत आकडा, आणि पुढे आडवी रेघ. बाकी सात भरलेले. ८ – ——. पान उलटलं, रेघ. वीस-बावीस वर्षं रेघा. त्या जागेत ढोलकी, टाळी, काहीही भरता आलं असतं, पण भरलं नव्हतं.

दोन हजार तीन तिला आठवत होतं. तेराव्या-चौदाव्या वर्षीची एक सकाळ. बाबा शाळेत सोडायला आले होते, गाडीत त्यांची कॅसेट लागली होती, लेझीम आणि खाली जाड बास, मध्येच तिचाच लहानपणीचा आवाज. गेटपाशी वर्गातली काव्या आणि दोघी-तिघी उभ्या. एक जण खिडकीतून वाकून हसली. इराने बाबांकडे न बघता इंग्रजीत सांगितलं होतं, "टर्न इट ऑफ, बाबा. प्लीज." त्यांनी लगेच बंद केलं. संध्याकाळी घ्यायला आले तेव्हा गाडीत बातम्या चालू होत्या, आणि त्यानंतर नेहमी बातम्याच.

त्यानंतर ते फक्त विचारायचे. ऐकतेस जरा? ती म्हणायची, पाच मिनिटं.

एकतीस तारखेची सकाळ. सामान गेलं होतं. रिकाम्या खोलीत चटई, मशीन, रेकॉर्ड प्लेअर, दोन स्पीकर. भिंतीवरचा कागद तसाच. किल्ली न्यायला कंपनीचा माणूस बाराला येणार होता. इरा आठपासून बसली होती, आणि आता अकरा वाजत होते.

तुकडे सगळे होते, पण गाणं होईना. वहीत कुठलं बटण कुणानंतर ते लिहिलेलं होतं, पण बोट कधी पडलं ते लिहिता येत नाही. तिने मशीनला ताल सरळ करायला सांगितला तर सगळं कवायतीसारखं वाजलं. सरळ करणं बंद केलं तर तिचीच बोटं चुकत होती, ढोलकी पेटीच्या पायात येत होती. बाबांचं बोट किंचित उशिरा पडायचं. केसाएवढं. ताल जणू मागे टेकून बसलाय असा. जुन्या एका फ्लॉपीत तिने काल ऐकलं होतं, आणि ऐकून मुद्दाम तसं करायला गेली की ते फक्त उशिराचं व्हायचं. तीस वर्षांच्या शुक्रवारांतून आलेली ती सवय तीन तासांत कशी येणार? ती सप्टेंबरमध्ये या मशीनमध्ये होती. पाच-सहा आठवडे दिवसरात्र जागी होती. आणि एका खुणेसरशी तिने ती घालवली होती. ती परत येणार नाही, हे आज तिला नीट कळलं. आज जे वाजेल ते त्यांचं नसेल.

तिने हात आवरले. जे जमलं होतं ते तसंच फिरत ठेवलं, चार आवर्तनांचा वेडावाकडा तुकडा, परत परत. मधल्या एका जागी सातही बटणं गप्प राहत होती. वहीत तसंच होतं. दोन सेकंद काही नाही, मग ढोलकी.

रुमालातून माइक काढला. रुमालाला अजून कपाटातल्या डांबरगोळ्यांचा वास होता. आठवं बटण दाबलं. पहिल्या पानावर बाबांनी लिहून ठेवलं होतं: दाबल्यावर लगेच घेत नाही, आवाज होईपर्यंत वाट बघतं. खिडकीत अक्षरं लुकलुकत होती. इराने घसा खाकरला, आणि मशीनने खाकरणंच घेतलं. दोन सेकंद भरले. जागा संपली.

तिला हसू आलं, पहिल्यांदाच, आणि ते हसू कुठे न्यायचं ते कळेना. बाबांनी तेही ठेवून घेतलं असतं. ८ – इरा – खाकरणं. तिने पुसलं. परत दाबलं. अक्षरं परत लुकलुकायला लागली.

काय बोलायचं ते तिने ठरवलं नव्हतं. माफ कर, हे मनात येऊन गेलं, पण ते तिने स्मशानात, विमानात, मावशीच्या बाल्कनीत, मनातल्या मनात इतकेदा म्हटलं होतं की त्याला काही अर्थ उरला नव्हता. आणि बाबांनी ते कधी मागितलंही नव्हतं. त्यांनी आयुष्यभर तिला एकच गोष्ट विचारली होती, आणि तिचं उत्तर फार सोपं होतं. शाळेत सोडताना देता आलं असतं. त्या शनिवारी, लोणच्याची पिशवी हातात असताना देता आलं असतं.

खाली रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवला. ती थांबली, तो संपू दिला. मशीन वाट बघत होतं.

इराने माइक तोंडाजवळ नेला.

"बाबा," ती म्हणाली, "ऐकव ना."